हाताचे फॉर्म छोटे करा, पण आपल्या पेशंटच्या उत्तरांवरून

प्रति,
महाराष्ट्रातील हस्तशल्यचिकित्सक, अस्थिरोगतज्ज्ञ, प्लास्टिक सर्जन, फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट. पदव्युत्तर प्रबंधांचे मार्गदर्शक. तसेच एथिक्स कमिट्यांचे सदस्य

सप्रेम नमस्कार.

हाताच्या ऑपरेशनने किंवा थेरपीने पेशंटला किती फरक पडला हे कळावे म्हणून आपण त्यांच्याकडून प्रश्नांचे फॉर्म भरून घेतो. ते फॉर्म छोटे करा, ही या पत्रातली पहिली विनंती. दुसरी विनंती पहिलीइतकीच महत्त्वाची आहे. प्रश्न आपल्या मनाने गाळू नका. आणि परदेशात ज्या पेशंटच्या उत्तरांवरून प्रश्न गाळले गेले, तसेच पेशंट आपल्याही ओपीडीत येतात असे गृहीत धरू नका.

मी एका सरकारी रुग्णालयात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे आणि माझे बहुतेक काम हातांचेच आहे. पॉवर प्रेसमध्ये बोटे गेलेले चाकण-भोसरीकडचे कामगार, कडबाकुट्टीत किंवा मळणी यंत्रात हात सापडलेले शेतकरी, रसवंतीच्या चरकात पंजा गेलेली मुले, संक्रांतीला मांजाने टेंडन कापलेले दुचाकीस्वार, घसरून मनगट मोडलेल्या आजी, आणि रात्री मुंग्यांनी झोप मोडते म्हणून येणाऱ्या कार्पल टनेलच्या, म्हणजे मनगटात नस दबलेल्या, बायका. मी हे पत्र त्यांच्या बाजूने लिहिते आहे. तुमच्यापैकी अनेकांकडून मी हे काम शिकले, म्हणून स्पष्ट लिहिण्याचा हक्क घेते आहे.

हे पत्र पेशंट आणि त्यांचे नातेवाईकही वाचतील असे धरून थोडी पार्श्वभूमी सांगते. हात किती वळतो ते गोनिओमीटर सांगतो, मूठ किती आवळते ते डायनमोमीटर सांगतो, हाड कसे जुळले ते एक्स-रे सांगतो. पण एक्स-रेमध्ये मनगट वाकडे जुळलेल्या आजी घरातले सगळे काम करताना दिसतात, आणि एक्स-रे उत्तम असलेला तरुण कामावर परत जाऊ शकत नाही. हे अंतर कळावे म्हणून १९९० च्या दशकात पेशंटलाच विचारण्याची पद्धत रुळली. १९९३ मध्ये बोस्टनमधून कार्पल टनेलसाठी १९ प्रश्नांचा फॉर्म आला. १९९६ मध्ये अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सकांची अकादमी आणि टोरँटोची इन्स्टिट्यूट फॉर वर्क अँड हेल्थ यांनी मिळून खांदा, दंड आणि हातासाठी ३० प्रश्नांचा ‘डॅश’ तयार केला. १९९८ मध्ये केव्हिन चुंग यांचा ३७ प्रश्नांचा मिशिगन फॉर्म आला आणि त्याच वर्षी कॅनडात जॉय मॅकडर्मिड यांनी मनगटासाठी १५ प्रश्नांचा पीआरडब्ल्यूई दिला. मोजण्याचा अधिकार पेशंटच्या हाती देणारे हे काम मोठे आहे, आणि माझा रोष त्या कामावर मुळीच नाही.

आपल्या ओपीडीत त्या कामाचे जे होते, ते मात्र मला सहन होत नाही.

पहाटेच्या एसटीने आलेला पेशंट केसपेपरच्या रांगेत उभा राहतो, मग ड्रेसिंगच्या रांगेत, मग एक्स-रेच्या. त्याचा त्या दिवसाचा रोज बुडालेला असतो. शेवटी तो आपल्या टेबलापाशी येतो आणि आपण त्याच्यापुढे ३० प्रश्नांचा फॉर्म ठेवतो. अनेकदा त्याचा उजवा हातच स्प्लिंटमध्ये असतो. पेन धरायचे कोणी? मग बायको किंवा भाऊ लिहितो, किंवा रेसिडेंट वाचून दाखवतो आणि खुणा करतो. पहिल्या पाच-सहा प्रश्नांना पेशंट मनापासून उत्तर देतो, हात हवेत फिरवून पाहतो, आठवतो. दहाव्या प्रश्नाच्या सुमारास तो म्हणतो, “तेच लिहा, मॅडम.” पंधराव्याला म्हणतो, “तुम्हीच बघा काय ते.” त्यानंतरच्या खुणा मधल्या रकान्यातून सरळ रेषेत खाली उतरतात. अशा सरळ रेषा मी पुष्कळ फॉर्मवर पाहिल्या आहेत, तुम्हीही पाहिल्या असतील. त्यांचीही बेरीज होते, त्यांचाही स्कोअर निघतो, आणि तो तक्त्यात जाऊन बसतो.

यात पेशंटचा आळस नाही आणि रेसिडेंटचा अप्रामाणिकपणाही नाही. थकलेल्या, दुखणाऱ्या माणसाला एकाच अडचणीबद्दल तीस वेळा विचारले की तो असाच वागेल. काही प्रबंधांत तर डॅशचे ३०, मिशिगनचे ३७ आणि सर्वसाधारण प्रकृतीच्या एसएफ-३६ चे ३६ असे तिन्ही फॉर्म एकत्र लावलेले असतात. म्हणजे १०३ प्रश्न. ऑपरेशनआधी, सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी असे चार वेळा विचारले तर ४१२. मिशिगनमधले बरेच प्रश्न दोन्ही हातांसाठी वेगवेगळे विचारायचे असतात, ते मी इथे धरलेले नाहीत. एथिक्स कमिटीपुढे असा सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, येतो तेव्हा रक्त किती मिली घेणार हे आपण विचारतो. प्रश्न किती, वेळ किती, फॉर्म कोण भरणार आणि पेशंटचा त्या दिवसाचा रोज कोण देणार, हे मी अजून कुणाला विचारताना ऐकलेले नाही.

आता गाळलेल्या उत्तरांचे पाहा, कारण खरे नुकसान तिथे होते. डॅशचा नियम असा आहे की ३० पैकी किमान २७ उत्तरे हवीत, तीनपेक्षा जास्त रिकामी राहिली तर स्कोअर काढायचा नाही. आता सांगली-सोलापूरकडची पन्नाशीची बाई डोळ्यांपुढे आणा. अठराव्या प्रश्नात ज्या करमणुकीत हातावर जोर किंवा धक्का येतो तिची उदाहरणे आहेत गोल्फ, हातोडी मारणे, टेनिस. एकोणिसाव्यात हात मोकळा फिरवायचे खेळ आहेत, फ्रिस्बी आणि बॅडमिंटन. एकविसावा प्रश्न लैंगिक संबंधांबद्दल आहे, आणि तो गर्दीच्या ओपीडीत, सासू शेजारी बसलेली असताना, पंचविशीचा रेसिडेंट विचारणार. तिन्ही रिकामे राहतात. आता तिला चौथा एकही प्रश्न सोडायची मुभा नाही. उंचावरचा बल्ब बदलण्याचा प्रश्न तिने “ते आमचे हे करतात” म्हणून सोडला की तिचे सगळे उत्तर बाद.

आठवड्याभरात एखादे काम केलेले नसेल तर अंदाजाने उत्तर द्या, असे फॉर्मवरच्या सूचनेत आहे. मागच्या आठवड्यात न केलेल्या कामाला ते ठीक आहे. आयुष्यात कधी न केलेल्या कामाचा अंदाज कशाच्या आधारावर द्यायचा? काही जणी ‘जमतच नाही’वर खूण करतात, म्हणजे १ ते ५ मधले सर्वांत वाईट उत्तर, ५. हात मोडण्याआधीही त्यांना गोल्फ जमत नव्हते, हे स्कोअरला कळत नाही.

यावर आपल्याकडे सर्रास एक उपाय केला जातो, आणि माझा सर्वांत कडक आक्षेप त्यालाच आहे. विद्यार्थी ‘आपल्याकडे लागू नाहीत’ असे तीन-चार प्रश्न काढून टाकतो, उरलेल्यांची सरासरी घेतो आणि वर ‘डॅश स्कोअर’ असे लिहितो. आकडे मांडून पाहा. डॅशचा स्कोअर म्हणजे उत्तरांच्या सरासरीतून १ वजा करून २५ ने गुणायचे. तो जितका कमी तितका हात बरा. ३० उत्तरांची बेरीज ७५ असेल तर सरासरी २.५ आणि स्कोअर ३७.५. आता ज्या तीन प्रश्नांना त्या बाईने ५ दिले होते ते काढा. बेरीज ६०, प्रश्न २७, स्कोअर ३०.६. तिचा हात जसा होता तसाच आहे, पण कागदावर ती सात गुणांनी सुधारली. डॅशमध्ये साधारण १० गुणांचा फरक पडला तर पेशंटला खरोखर बरे वाटते असे मानतात. त्यातले सात गुण आपण नुसते प्रश्न काढून मिळवले. शिवाय मजकुरात असा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, कारण डॅशचे हक्क टोरँटोच्या संस्थेकडे आहेत.

मग छोटा फॉर्म कुठला? छोटे फॉर्म तयार आहेत, आणि ते आपण बिनधास्त वापरायला हवेत. २००५ मध्ये ‘क्विकडॅश’ आला, त्यात ११ प्रश्न आहेत. लैंगिक संबंधांचा, बल्बचा आणि फ्रिस्बीचा प्रश्न त्यात नाही. २०११ मध्ये मिशिगनचा १२ प्रश्नांचा संक्षेप आला, मूळच्या सहाही भागांतून प्रत्येकी दोन प्रश्न घेऊन. कार्पल टनेलसाठी २००९ मध्ये स्वीडनमधून फक्त ६ प्रश्नांची लक्षणांची यादी आली. वॉर्डात आणि ओपीडीत रोजच्या वापरासाठी यांपैकी एक पुरेसा आहे, हे माझे ठाम मत आहे. अकरा प्रश्नांना पेशंट शेवटपर्यंत विचार करून उत्तर देतो. खऱ्या अकरा उत्तरांची किंमत सरळ रेषेतल्या तीस खुणांना येणार नाही.

पण छोट्या फॉर्मचे स्वतःचे धोके आहेत, आणि ते लपवून मी तुमची मान्यता मागणार नाही. क्विकडॅशमध्ये फक्त एक उत्तर रिकामे चालते. जोराच्या करमणुकीचा प्रश्न, गोल्फ-हातोडी-टेनिसचा, इथेही राहिलेलाच आहे. म्हणजे आपल्या अनेक पेशंटची एकुलती एक मुभा तिथेच संपते. आणि प्रश्न कमी तसे प्रत्येक उत्तराचे वजन जास्त. अकरा उत्तरांची बेरीज २८ असेल तर स्कोअर ३८.६, त्यातले ५ गुणांचे एक उत्तर रिकामे राहिले तर ३२.५. एका प्रश्नाने सहा गुण हलतात. पेशंटला जाणवेल असा फरक क्विकडॅशमध्ये किती गुणांचा, याचे उत्तर वेगवेगळ्या अभ्यासांत ८ पासून १६ पर्यंत येते. म्हणून शंभर-दोनशे पेशंटच्या गटात कुठली पद्धत बरी हे ठरवायला छोटा फॉर्म चालतो. एकट्या पेशंटला ‘तुझे सहा गुण कमी झाले, आता थेरपी बंद’ असे त्याच्या आधारावर सांगू नये.

आणखी एक चूक नेहमी होते. पहिल्या भेटीत पूर्ण डॅश भरायचा आणि फॉलोअपला गर्दी आहे म्हणून क्विकडॅश. दोन्ही ० ते १०० वर मोजतात म्हणून वजाबाकी करून मोकळे व्हायचे. ही वजाबाकी चुकीची आहे. एकाच दिवशी एकाच माणसाने भरले तरी दोन्हींचे आकडे जुळतीलच असे नाही. सुरुवात ज्याने केली, शेवटपर्यंत तोच ठेवा.

आता मला ज्या गोष्टीवर सर्वांत जास्त बोलायचे आहे तिच्याकडे येते. क्विकडॅश बनवताना प्रश्न कमी करण्याच्या तीन रीती तपासल्या होत्या. एकीत उत्तरांच्या परस्परसंबंधावरून प्रश्न निवडले, दुसरीत रॅश पद्धतीने, म्हणजे कोणता प्रश्न अडचणीच्या कुठल्या पातळीवर बसतो ते गणिताने काढून. तिसरीत मूळ फॉर्ममागच्या प्रत्येक कल्पनेचा एखादा तरी प्रतिनिधी राहील असे पाहिले. तिसरी रीत निवडली गेली. रीत कुठलीही घ्या, तिच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: दोन प्रश्नांना पेशंट कायम सारखेच उत्तर देत असतील तर एक पुरे. आता हे ‘सारखेच उत्तर’ कोणाचे? त्या अभ्यासातल्या पेशंटचे. त्यांचे स्वयंपाकघर, त्यांची बाथरूम, त्यांचे काम यांवरून ठरलेले.

आपल्याकडे काय आहे ते माझ्या टेबलावरून सांगते. संधिवाताची बाई बाजाराची पिशवी कोपराला अडकवून आणते, तो प्रश्न ती ‘थोडा त्रास’ असा सोडवते. पण ओले चादर-पातळ पिळता येत नाही म्हणून ती रडते. कपडे पिळणे डॅशच्या तिसांत नाही आणि अकरांतही नाही. सुरीने कापण्याचा प्रश्न दोन्हींत आहे, पण जी बाई विळीवर चिरते तिच्या हाताचे काम वेगळेच असते. पाते स्थिर, दोन्ही हातांनी भाजी पात्यावर लोटायची, अंगठ्याच्या बुडावर सगळा भार. भाकरी थापताना मनगट मागे वळून दाब घेते. पीठ मळताना मुठीच्या सांध्यांवर वजन येते. साडीच्या निऱ्या घालायला चिमटीत बारीक पकड लागते, आणि मुंग्या येणाऱ्या बोटांना कापड हातात आहे की सुटले हेच कळत नाही. गोठ्यात धार काढणे, उसाच्या फडात कोयता चालवणे, खुरपणी, दुचाकीचा क्लच दाबणे: डाव्या हाताच्या टेंडनचे ऑपरेशन झालेला तरुण मला पहिला प्रश्न ‘गाडी कधी’ असाच विचारतो.

मनगटाच्या पीआरडब्ल्यूईकडे पाहा. त्यातल्या सहा ठरावीक कामांत एक आहे त्या हाताने सुरी धरून मांस कापणे, एक आहे खुर्चीतून उठताना हातावर जोर देणे, आणि एक आहे त्या हाताने टॉयलेट पेपर वापरणे. शाकाहारी घरातली आजी पहिल्यापाशी थबकते. खुर्चीचा प्रश्न तिला सोपा जातो, पण जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हात टेकून उठताना मनगटावर जो भार येतो तो खुर्चीच्या दांडीवर कधीच येत नाही. आणि तिसऱ्या प्रश्नाचे आपल्याकडचे रूप पाण्याचे आहे. ते कुठल्या हाताने करतात हेही आपल्या घरांत ठरलेले असते. डावा हात निकामी झालेला माणूस संकोचाने, सगळे गेल्यावर, हळूच सांगतो की त्याला उजव्या हाताने धुवावे लागते आणि मग त्याच हाताने जेवताना घास उतरत नाही. उजवा हात गेलेला माणूस चारचौघांत पंगतीला बसायचे टाळतो, कारण डाव्या हाताने जेवायला लागते. डॅश तर कुठल्याही हाताने काम झाले तरी चालेल असे सांगून प्रश्न विचारतो. त्यामुळे या माणसाचा स्कोअर उत्तम येतो. मिशिगनचा पूर्ण फॉर्म निदान उजवा आणि डावा वेगळा विचारतो, म्हणून दोघांत निवड करायची झाली तर एका हाताच्या जखमांना मी तो घेईन.

आजी सांगतात, “देवाला हात जोडता येत नाहीत.” दोन्ही मनगटे सरळ मागे वळल्याशिवाय तळवे जुळत नाहीत, आणि मोडलेल्या मनगटाला ही हालचाल पुष्कळदा उशिरा येते. ही एक हालचाल, ती जमली की नाही हे आजीला रोज सकाळी कळते, आणि आपल्या कुठल्याच फॉर्मवर तिला जागा नाही.

म्हणून मी म्हणते की टोरँटोतली किंवा मिशिगनमधली छोटी यादी ही आपल्यासाठी तात्पुरती सोय आहे, शेवटचे उत्तर नव्हे. तिकडे जो प्रश्न जास्तीचा ठरून गळला तो इकडे सर्वांत बोलका असू शकतो, आणि तिकडे राहिलेला इकडे मुका. हे माझ्यासारखीच्या निरीक्षणावरून ठरवायचे नाही, उत्तरांच्या आकड्यांवरून ठरवायचे आहे. आणि ते आकडे आपल्याकडे आहेत! दर वर्षी महाराष्ट्रात हातावरचे कितीतरी पदव्युत्तर प्रबंध होतात. प्रत्येकात तीस, चाळीस, साठ पेशंट. फॉर्म भरले जातात, बेरीज होते, मास्टर चार्टमध्ये, म्हणजे प्रबंधातल्या सगळ्या पेशंटच्या एकत्र तक्त्यात, एकच रकाना जातो: एकूण स्कोअर. प्रत्येक प्रश्नाचे उत्तर मात्र कागदावरच राहते, कागद गठ्ठ्यात, गठ्ठा माळ्यावर. प्रश्न कमी करायला लागते ती प्रश्नवार उत्तरे, एकूण स्कोअर नव्हे. कुठला प्रश्न सर्वांत जास्त रिकामा राहतो, कुठले दोन प्रश्न एकच गोष्ट सांगतात, एकच अडचण असलेले स्त्री-पुरुष कुठल्या प्रश्नावर वेगळे बोलतात, हे सगळे त्या गठ्ठ्यांत पडून आहे.

मार्गदर्शकांनो, तुमच्याकडे माझे मुख्य मागणे हेच आहे. यापुढे मास्टर चार्टमध्ये एकूण स्कोअरच्या आधी प्रत्येक प्रश्नाचे उत्तर स्वतंत्र रकान्यात भरून घ्या. याला पैसा लागत नाही, नवे यंत्र लागत नाही, प्रत्येक पेशंटमागे टायपिंगची काही मिनिटे लागतात. फॉर्म पेशंटने भरला, नातेवाइकाने भरला की वाचून दाखवला, हा एक रकाना आणखी. किती मिनिटे लागली, हा एक. नावे काढून असे तक्ते चार-पाच कॉलेजांनी एकत्र केले की काहीशे पेशंटची प्रश्नवार उत्तरे जमतील, आणि रॅशसारख्या विश्लेषणाला तेवढ्यावर सुरुवात करता येते. एका विद्यार्थ्याच्या चाळीस पेशंटवर ते कधीच होणार नाही.

नवा प्रश्न घालायचा असेल, कपडे पिळण्याचा किंवा जमिनीवरून उठण्याचा, तर तोही रीतसर घालावा लागेल. भाषांतराची वाट २००० सालीच लिहून ठेवलेली आहे: दोघांनी स्वतंत्रपणे मराठीत आणायचे, दोन्ही एकत्र करायचे, मूळ न पाहिलेल्या माणसांकडून उलट भाषांतर करून घ्यायचे, तज्ज्ञांनी बसून ठरवायचे, आणि मग तीस-चाळीस पेशंटवर घालून प्रत्येकाला ‘तुम्हाला काय समजले’ असे विचारायचे. शेवटची पायरी आपण हमखास गाळतो. तीच सर्वांत मोलाची आहे. आणि मूळ फॉर्मच्या हक्कदारांना सोबत घेऊनच हे करायचे. आपण नीट आकडे ठेवून गेलो तर ते ऐकतील असा मला विश्वास आहे.

संगणकाने प्रश्न निवडण्याची पद्धतही आता आहे, तिच्याबद्दल थोडेच लिहिते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २००४ पासून उभ्या केलेल्या प्रॉमिस प्रकल्पात प्रश्नांची मोठी पेढी आहे. पेशंटच्या आधीच्या उत्तरावरून पुढचा प्रश्न ठरतो. पाच किलोची वस्तू उचलता येते म्हणणाऱ्याला पाण्याचा पेला धरता येतो का, हे विचारत बसायचे नाही. चार ते बारा प्रश्नांत काम होते. कल्पना मला मनापासून आवडते, आणि मोबाइल आता प्रत्येक रेसिडेंटच्या खिशात आहे. पण त्या पेढीतले प्रश्न आणि त्यांची अवघडपणाची क्रमवारी तिथल्याच लोकांवरून ठरलेली आहे, तिचा ५० हा मध्य तिथल्या लोकसंख्येचा आहे. आपल्या पेशंटची प्रश्नवार उत्तरे हाती आल्याशिवाय ते यंत्र इथे लावणे म्हणजे तीच चूक जास्त वेगाने करणे.

तोवर काय? तोवर मी सुचवते ते अगदी साधे आहे, आणि त्यातले काहीच माझे नाही. एक छोटा, तपासलेला फॉर्म जसाच्या तसा. दुखण्याचा ० ते १० चा एक प्रश्न. आणि पेशंटने स्वतः सांगितलेली तीन कामे, जी त्याला आज जमत नाहीत आणि जमायला हवी आहेत, प्रत्येकाला ० ते १० गुण. ही शेवटची पद्धत १९९५ पासून प्रकाशित आहे आणि ऑक्युपेशनल थेरपीत तिचे भावंड असलेली कॅनडाची पद्धत त्याही आधीची. मुंबईत केईएम रुग्णालयात १९५० मध्ये कमला निंबकर यांनी ऑक्युपेशनल थेरपीचे पहिले शिक्षण सुरू केले, तेव्हापासून ‘या माणसाला कुठले काम परत हवे आहे’ हाच आमचा पहिला प्रश्न राहिला आहे. क्विकडॅश धरून हे सगळे पंधरा प्रश्न होतात. शेतकरी धार काढणे सांगेल, आजी हात जोडणे सांगेल, तरुण क्लच सांगेल, आणि पुढच्या भेटीला त्याच कामांचे गुण पुन्हा विचारायचे. अशी तीन कामे शंभर पेशंटकडून गोळा झाली की मराठी फॉर्ममध्ये कुठले प्रश्न असायला हवेत याची यादीही आपोआप पुढे येईल.

परीक्षक विचारतील, पूर्ण डॅश का नाही घेतला? शोधनिबंध परत येईल, अशी भीती विद्यार्थ्यांना वाटते. ही भीती दूर करणे तुमच्या हाती आहे. क्विकडॅश आणि मिशिगनचा संक्षेप जगभर शोधनिबंधांत वापरले जातात, ते वापरल्याबद्दल विद्यार्थ्याचे गुण कापू नका. उलट रिकाम्या जागा किती होत्या आणि त्यांचे काय केले, हे विचारा. फॉर्मवरच्या सरळ रेषा दिसल्या तर विचारा. लांब फॉर्मचे कारणही विचारा, कारण काही ठिकाणी ते असते. भाजलेल्या हाताचे, जन्मतः वेगळ्या हाताचे किंवा कापलेले बोट पुन्हा जोडल्याचे काम असेल तर दिसण्याबद्दलचे मिशिगनमधले सगळे प्रश्न हवेत, दोनावर भागणार नाही. दोन जवळजवळ सारख्या ऑपरेशनांतला बारीक फरक शोधायचा असेल तरीही हवेत. तिथे पेशंटला वेगळी वेळ द्या, बसायला खुर्ची द्या, एसटीचे भाडे द्या, आणि वाचून दाखवणारा माणूस उपचार करणारा नसू द्या. आपल्यावर ज्याने ऑपरेशन केले त्याच्या तोंडावर ‘अजून त्रास आहे’ म्हणणे आपल्या पेशंटला जड जाते.

एथिक्स कमिटीच्या सदस्यांकडे मागणे एका ओळीचे आहे: सिनॉप्सिसमध्ये एकूण प्रश्न, एकूण भेटी आणि फॉर्म कोण भरणार हे लिहून मागा, आणि आकडा मोठा असेल तर कारण पटल्याशिवाय सही करू नका.

माझ्या बाजूने मी एवढे देऊ शकते. आमच्या विभागात भरलेल्या फॉर्मची प्रश्नवार उत्तरे, नावे आणि ओळख काढून, विभागप्रमुखांच्या आणि एथिक्स कमिटीच्या परवानगीने मी तक्त्यात उतरवायला घेतली आहेत. तुमच्यापैकी ज्यांच्या माळ्यावर असे गठ्ठे असतील त्यांनी ते रद्दीत देऊ नयेत. रकान्यांची मांडणी सगळ्यांची सारखी राहावी म्हणून कोरा तक्ता मी पाठवेन, आणि भरताना अडचण आली तर सोबत बसून भरेन.

आपली नम्र,
हातांवर काम करणारी एक ऑक्युपेशनल थेरपिस्ट